पुढच्या चाकाचे गळके ऑइल सील घरी बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याकडे सहा टायरांचा जुना हलका ट्रक आहे आणि तो वर्षभर सांगलीच्या बाजारात भाजीपाला नेतो. त्याच्या डाव्या पुढच्या चाकाच्या आतील बाजूने टायरवर काळपट ओघळ उतरला आहे आणि ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढते. ‘ॲक्सलचे सील गेले आहे’ असे निदान गावातील चालकाने केले आहे. हे सील घरच्या अंगणात बदलता येईल का, आणि बदलायचेच असेल तर दोन्ही बाजूंचे बदलावे का, असे त्यांनी विचारले आहे.

बदलता येईल. सांगली–कोल्हापूर रस्त्यावर अठ्ठावीस वर्षे गॅरेज चालवल्यानंतरही मी हे काम घरी करण्याजोगे मानतो, कारण त्याला लिफ्ट लागत नाही आणि दाबयंत्रही लागत नाही. मात्र सील बदलणे हा या कामाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत स्वस्त भाग आहे. सील का गेले ते शोधणे आणि शेवटी हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या फिरत्या भागाचा) नट बरोबर बसवणे या दोन गोष्टी ज्याला जमतील त्यानेच चाकाला हात लावावा. कारण न शोधता बसवलेले नवे सील दोन-तीन महिन्यांत पुन्हा गळते, आणि चुकीचा आवळलेला नट तर चाकच घेऊन जातो.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे, म्हणजे पुढचा ॲक्सल हा फक्त भार वाहणारा तुळईसारखा दांडा आहे आणि त्यात फिरणारा शाफ्ट नाही. त्याच्या टोकाला किंगपिनवर (चाक डावी-उजवीकडे जिच्यावर वळते त्या उभ्या पिनेवर) स्टब ॲक्सल म्हणजे आखूड दांडा असतो, स्टबवर दोन टेपर (निमुळत्या रोलरांच्या) बेअरिंगांवर हब फिरतो आणि हबच्या आतल्या तोंडाला ग्रीस अडवणारे सील असते. दुकानात त्याला ‘फ्रंट हब ऑइल सील’ म्हणून मागावे. नुसते ‘ॲक्सल सील’ म्हटले तर दुकानदार मागच्या ॲक्सलचे सील काढून देण्याची शक्यता मोठी. पुढची चाकेही ओढणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांचा मामला वेगळा आहे, त्यावर शेवटाकडे लिहितो.

आता निदान. चालकाने सांगितलेले मी खोटे ठरवत नाही, पण चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ उतरण्याची कारणे दोन आहेत: हबचे सील, किंवा त्याच ड्रममधला ब्रेकचा व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ड्रमवर ढकलणारा भाग. बाहेरून दोन्हींचा ओघळ धूळ खाऊन सारखाच काळा दिसतो. त्यामुळे टायरवरचा मळ न पाहता बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या) खालच्या कडेवरून, शक्य तितक्या ताज्या जागेवरून, काडीने एक थेंब उचला आणि वाटीभर स्वच्छ पाण्यात सोडा. ग्रीसमधून सुटलेले तेल पाण्यावर तरंगते आणि त्याचा इंद्रधनुषी तवंग पसरतो. डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून नाहीसे होते. बोटांमध्ये चोळून पाहिले तरी फरक कळतो: ब्रेक ऑइल पातळ आणि निसरडे लागते, ते रंगावर पडले असेल तर रंग फुगून सुटलेला दिसतो, ग्रीसचे बोट मात्र चिकट राहते आणि पुसले तरी सहज जात नाही. थेंब विरघळला तर ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी पाहा. ती उतरली असेल तर तुमचा प्रश्न सीलचा नाही, व्हील सिलिंडरचा आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

गाडी उजवीकडे ओढते, ही तुमची खूण निदानाशी जुळते. डाव्या लायनरवर (ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या पट्टीवर) तेल गेल्याने डावे चाक कमी धरते आणि उजवे पूर्ण धरते, म्हणून गाडी उजवीकडे जाते. पण ही खूण दोन्ही प्रकारच्या गळतीत सारखीच असते, म्हणून पाण्याची परीक्षा टाळू नये.

दुसरी परीक्षा चाक खोलण्यापूर्वीच करायची आहे. चाक जमिनीपासून बोटभर उचला, एक हात टायरच्या वर आणि एक खाली ठेवून चाक आत-बाहेर हलवा. ठक ठक असा प्ले (सैलपणा) जाणवला तर घरातील कोणालातरी केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा आहे, कारण ब्रेकने हब आणि स्टब एकमेकांना धरून ठेवले. ब्रेक दाबूनही प्ले राहिला तर तो किंगपिनचा किंवा त्याच्या बुशांचा आहे. हे समजणे महत्त्वाचे आहे, कारण बेअरिंगमध्ये प्ले असला की हब डुगडुगतो, सीलची कड (स्टबवर घासणारी रबरी धार) एका बाजूने दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूने उघडी पडते. अशा हबमध्ये जगातले सर्वांत महाग सील घाला, ते गळणारच.

जागेविषयी एकच आग्रह. शेणाने सारवलेले अंगण कितीही टणक वाटले तरी त्यावर बाटली जॅक लावू नका. तो एका बाजूने रुततो आणि तिरका होतो. सपाट सिमेंटचा कोबा नसेल तर जॅकखाली आणि घोडीखाली (उचललेला ॲक्सल टेकवण्याच्या लोखंडी स्टँडखाली) दीड-दोन इंच जाडीची, हात-दीड हात लांबीची सागवानी किंवा बाभळीची फळी हवी. गाडी पूर्ण रिकामी करा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी मारा, गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्या. जुन्या ट्रकांमध्ये डाव्या बाजूच्या चाकाचे आटे उलटे असू शकतात, म्हणून पहिला नट जोर लावूनही सुटेना तेव्हा पाइप चढवण्यापूर्वी बोल्टच्या तोंडाकडे एकदा पाहून घ्यावे. बऱ्याचदा तिथे खूण कोरलेली असते. ॲक्सल उचलून झाला की तो घोडीवर टेकवा आणि जॅक काढून न टाकता हलका टेकलेला राहू द्या. विटांच्या थरावर ट्रक उभा करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती मी माझ्या गॅरेजात कोणालाही करू दिलेली नाही. वीट दाबाखाली हळूहळू वाकत नाही, ती एकदम फुटते.

चाक उतरल्यावर ब्रेकचा ॲडजस्टर मागे घ्या, म्हणजे शू ड्रमपासून सुटतील. ड्रमवरची धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात जाऊन राहते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि फडके फेकून द्यावे. मग हब कॅप काढा. आत खाचांचा नट आणि त्यातून गेलेली स्प्लिट पिन दिसेल. पिन सरळ करून ओढा, नट काढा, जिभेचा वॉशर काढा. आता हब दोन्ही हातांनी थोडा आपल्याकडे ओढला की बाहेरचे लहान बेअरिंग पुढे येते. ते तळहातावर झेला, जमिनीवर पडू देऊ नका. ड्रमसह हब जड असतो, त्याला उतरवताना दुसरा माणूस हवा आणि हब स्टबच्या रेषेतच सरळ बाहेर यायला हवा.

बेअरिंग आणि सील एका झटक्यात काढण्याची एक युक्ती गॅरेजमध्ये सर्रास वापरतात. नट पुन्हा दोन-चार आटे चढवायचा आणि हब जोरात बाहेर खेचायचा. नटाला अडकून आतले बेअरिंग आणि सील दोन्ही स्टबवर राहतात. वेळ वाचतो हे खरे, पण त्या झटक्याने बेअरिंगची जाळी वाकते. बेअरिंग फेकूनच द्यायचे असेल तर हरकत नाही, परत वापरायचे असेल तर करू नका.

जुने सील अजून काढू नका. प्रथम ते हबच्या तोंडापासून किती आत बसलेले आहे हे मोजून ठेवा, आणि स्प्रिंगची बाजू कुठे आहे हे पाहा किंवा फोनवर छायाचित्र घ्या. मग छिन्नीच्या बोथट टोकाने किंवा सील काढण्याच्या हुकाने ते उचलून काढा. सील तुटले तरी चालेल, पण हबच्या आतल्या भिंतीला ओरखडा पडता कामा नये, कारण तो ओरखडाच पुढे गळतीची वाट होतो.

काढलेले सील तसेच फेकू नका. ते उजेडात धरून, पुसून, नीट पाहा, कारण सगळी हकिकत तिथेच मिळते. कड नखाने दाबली असता लवचीक न राहता टणक आणि भेगाळलेली असेल तर हब तापत होता. ही सीले बहुधा नायट्राइल रबराची असतात आणि सतत १०० अंश सेल्सिअसच्या वर राहिली की रबर कडक होत जाते. अडकणारे ब्रेक, फार आवळलेला नट किंवा घाटात सतत दाबून ठेवलेला ब्रेक ही त्याची नेहमीची कारणे. कड एकाच बाजूने झिजली असेल तर बेअरिंगमध्ये प्ले होता किंवा सील तिरके ठोकले गेले होते. कडेमागची बारीक गोल स्प्रिंग जागेवरून निघून ग्रीसमध्ये पडलेली असेल तर बसवताना कोणीतरी सीलवर सरळ हातोडा मारला होता. आणि कड शाबूत, लवचीक आहे तरीही गळत होते, असे दिसले तर दोष सीलमध्ये नाही. हबमध्ये ग्रीस ठासून भरले होते किंवा स्टबच्या घासण्याच्या जागी खड्डा पडला आहे.

तुमच्या भागासाठी एक खास गोष्ट सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कृष्णा–पंचगंगेच्या काठावरच्या गावांतून माझ्याकडे जे हब आले, त्यांतील ग्रीस अनेकदा तपकिरी नसून ताकासारखे पांढुरके निघत असे. पाणी आत गेले की ग्रीस त्याच्याशी घुसळले जाऊन असे होते. तापलेला हब एकदम पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढले जाते. गळती मागाहून दिसते, पण तोवर बेअरिंगच्या रोलरांवर गंज चढलेला असतो. तुमच्या हबमध्ये ग्रीस पांढुरके निघाले तर बेअरिंग वाचवायचा विचार सोडून द्या.

बेअरिंग, कप (हबमध्ये ठोकून बसवलेली बेअरिंगची बाहेरची कडी) आणि हबची पोकळी रॉकेलने धुवा. पेट्रोलने धुऊ नका; घराजवळ, चुलीजवळ, वायरच्या ठिणग्यांजवळ पेट्रोलचे घमेले उघडे ठेवणे हा शहाणपणा नाही. धुतलेले बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवण्याची हौस अनेकांना असते. कोरडे बेअरिंग त्या वेगाने फिरले की रोलर घासतात, कधी जाळीतून सुटून उडतात, आणि डोळ्याला लागले तर डोळा जातो. फडक्यावर उलटे ठेवून वाळू द्या. मग एकेक रोलर उजेडात फिरवून पाहा. निळी-तपकिरी छटा म्हणजे ताप, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे म्हणजे थकलेले पोलाद, आणि कपावर रोलरांच्या अंतराएवढ्या समान रेषा उमटल्या असतील तर गाडी खड्ड्यात आदळून रोलर कपात रुतले आहेत. यांपैकी काहीही दिसले तर बेअरिंग कपासकट बदला, फक्त कोन (रोलरांसह आतला भाग) बदलू नका.

कप काढताना हबच्या आतल्या खाचांतून नरम लोखंडाचा किंवा पितळेचा दांडा लावून एकदा या बाजूला, एकदा समोरच्या बाजूला असे आळीपाळीने ठोकावे. नवा कप बसवताना कानाचा उपयोग होतो. कप आत सरकत असताना हातोड्याचा आवाज बोदा येतो. तळाला टेकला की तोच आवाज एकदम घट्ट, टणटणीत होतो. तो बदल ऐकू आल्यावर आणखी दोन ठोके मारा आणि थांबा.

आता जे दहापैकी आठ लोक पाहत नाहीत ते पाहू. सीलची कड स्टब ॲक्सलवर ज्या जागी घासते (काही गाड्यांत तिथे वेगळी कडी असते) ती जागा फडक्याने पुसून कोरडी करा आणि नख आडवे फिरवा. नख अडकले तर तिथे चर पडला आहे. नवी कड त्या चरात नीट टेकणार नाही. चर अगदी हलका असेल तर बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून गोलाकार फिरवावा. लांबीच्या दिशेने कधीही घासू नये, कारण त्या रेषांतून ग्रीस स्क्रूच्या आट्यातून यावे तसे बाहेर येते. चर खोल असेल आणि वेगळी कडी असेल तर कडी बदला. कडी नसेल तर हबमध्ये जागा आहे का ते पाहून सील जुन्यापेक्षा एक-दीड मिलीमीटर कमी आत बसवा, म्हणजे कड नव्या जागी घासेल. ही जुनी क्लृप्ती आहे, आणि सील हबच्या तोंडाबाहेर येत नसेल व कुठे घासत नसेल तरच करावी.

सील घेताना जुने सोबत न्या आणि त्यावरचे आकडे वाचा. सीलवर साधारणपणे तीन आकडे असतात: पहिला ज्यावर कड घासते तो व्यास, दुसरा ज्या भोकात सील बसते तो व्यास, तिसरा जाडी, आणि तिन्ही मिलीमीटरमध्ये. उदाहरणार्थ, ६५ × ९० × १० असे लिहिले असेल तर स्टबवरची जागा ६५ मिलीमीटरची आहे. जुने सील आधीच कोणीतरी चुकीचे बसवलेले असू शकते, म्हणून व्हर्नियर असेल तर स्टब आणि हब दोन्ही मोजून जा. एकदा एका ओळखीच्या दुकानातून मला बाहेरून हुबेहूब दिसणारे, पण दोन मिलीमीटरने पातळ सील मिळाले होते आणि मी न मोजता बसवले. गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत आले. तेव्हापासून मी आकडे मोठ्याने वाचून घेतो.

ग्रीसविषयी लोकांचे मत असे असते की जास्त म्हणजे चांगले. तसे नाही. हबची पोकळी ठासून भरली की फिरताना ग्रीस घुसळले जाते, तापते, फुगते आणि सीलची कड उचलून बाहेर पडते. बेअरिंगमध्ये मात्र ते पूर्ण भरलेले हवे. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या, कोनचा रुंद भाग तळहाताच्या कडेवर दाबून खरडा, ग्रीस रोलरांच्या मधून वरच्या बाजूने बाहेर येईपर्यंत दाबत राहा, थोडे फिरवा, पुन्हा दाबा. दोन्ही बेअरिंगे अशी भरली की हबच्या पोकळीत, दोन कपांच्या मधल्या जागेत, एक-तृतीयांश ते अर्धी जागा व्यापेल इतकेच ग्रीस लावा. कॅपमध्ये एक पातळ थर पुरे. ग्रीस लिथियम प्रकारचे, व्हील बेअरिंगसाठी असल्याचे डब्यावर लिहिलेले, दोन क्रमांकाच्या घट्टपणाचे घ्या. ग्रीसगनने शॅकलला मारायचे साधे चॅसिस ग्रीस इथे चालत नाही. त्यातले कॅल्शियम प्रकारचे ग्रीस सुमारे १०० अंशांना पातळ होऊन वाहते, लिथियमचे साधारण १८० अंशांपर्यंत टिकते. आणि जुने ग्रीस पूर्ण धुतल्याशिवाय नवे भरू नका. भिन्न प्रकारची ग्रीसे मिसळली की बहुधा पातळ होतात.

सील बसवण्याआधी आतले मोठे बेअरिंग हबमध्ये ठेवायचे असते. हे वाचून हसू येईल, पण माझ्या उमेदीच्या वर्षांत मी सुंदर, सपाट, एकसारखे सील ठोकले, हात पुसले, आणि वळून पाहिले तर बेअरिंग टेबलावर माझ्याकडे बघत बसलेले. सील फोडून पुन्हा दुकानात जावे लागले.

सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, म्हणजे बेअरिंगकडे. बाहेरची सपाट पत्र्याची बाजू तुमच्याकडे. कडेला बोटाने ग्रीस लावा. कोरडी कड पहिल्याच किलोमीटरमध्ये जळते. हबची भिंत स्वच्छ पुसा, सीलच्या बाहेरच्या कडेला गोंद-बिंद लावण्याची गरज नाही. सील ठोकायला त्याच्या व्यासाएवढा जुना कप किंवा सपाट लोखंडी पट्टी आडवी ठेवा आणि मधोमध हलके ठोका. एका बाजूने आत गेले तर समोरच्या बाजूला मारून सरळ करण्याच्या फंदात पडू नका, कारण तेवढ्यात त्याची चौकट वाकलेली असते. बाहेर काढून नवे घ्यावे लागते. म्हणून दोन सीले आणून ठेवलेली बरी.

स्टबच्या आट्यांवर कागद किंवा टेप गुंडाळा, म्हणजे हब चढवताना सीलची नवी कड आट्यांवर घासून कापली जाणार नाही. हब दोघांनी धरून रेषेत चढवा. हबचे वजन क्षणभरही सीलवर टेकू देऊ नका, निदान बाहेरचे बेअरिंग आत जाईपर्यंत. मग टेप काढा, बाहेरचे बेअरिंग, जिभेचा वॉशर आणि नट.

नट आवळणे हाच या कामाचा गाभा. ड्रम एका हाताने फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने पाना ओढत जा, म्हणजे रोलर कपांत बसतील. ड्रम फिरायला जड होईपर्यंत आवळा. फिरवल्याशिवाय आवळलेला नट घट्ट वाटतो, पण रोलर तिरके राहिलेले असतात आणि पन्नास किलोमीटरनंतर ते सरळ होऊन प्ले येतो. आता नट साधारण पाव फेरा सोडा, ड्रम पुन्हा दोन्हीकडे फिरवा, आणि पान्याने नव्हे तर बोटांनी नट टेकेपर्यंत बसवा. मग स्प्लिट पिनचे भोक जुळेल त्या जवळच्या खाचेपर्यंत न्या. दोन खाचांच्या मध्ये भोक आले तर सैल बाजूच्या खाचेकडे जा, घट्ट बाजूकडे नाही. अशा हाताने जुळवण्याच्या टेपर बेअरिंगांना अगदी थोडा प्ले ठेवायचा असतो, सर्वसाधारणपणे ०.०२५ ते ०.१२५ मिलीमीटर. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा किंवा वेगळी पद्धत दिली असेल तर तीच अंतिम. चुंबकी स्टँडचा डायल गेज मिळाला तर हब आत-बाहेर ढकलून मोजा. नाही मिळाला तर ड्रम हाताने ढकलल्यावर मोकळा, आवाज न करता फिरतो आणि वर-खाली हलवल्यावर जाणवेल न जाणवेल असा प्ले आहे, इथे थांबा. प्ले स्पष्ट ठकठकत असेल तर पुन्हा पहिल्यापासून. स्प्लिट पिन नवी घाला; जुनी सरळ करून पुन्हा वाकवलेली पिन तुटते, आणि त्या पिनेच्या भरवशावर तुमचे चाक आहे.

लायनरवर ग्रीस गेले असेल तर ते पेट्रोलने धुऊन, त्यावर काडी ओढून पेटवून ‘सुकवण्याची’ पद्धत सगळीकडे चालते. वरचा थर जळतो, आतले तेल राहते, आणि पुढच्या उतारावर लायनर तापला की ते पुन्हा वर येते. लायनर बदला, आणि दोन्ही पुढच्या चाकांचे एकाच वेळी, एकाच जातीचे बदला, नाही तर गाडी ओढणे थांबणार नाही. ड्रम आतून ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या गरम पाण्याने धुऊन कोरडा करा. शेवटी ॲडजस्टर दोन्ही बाजूंना सारखा जुळवा आणि गाडी हलवण्याआधी जागेवरच ब्रेक तीन-चार वेळा पूर्ण दाबून पाहा.

पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, पाच-सात किलोमीटरची, ज्या रस्त्यावर थांबता येते अशा रस्त्यावर. थांबल्यावर दोन्ही पुढच्या हबांना हाताचा मागचा भाग आधी जवळ नेऊन, मग टेकवून पाहा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. एक हब हात न ठेवण्याइतका तापला असेल तर नट घट्ट आहे किंवा ब्रेक धरून आहे. त्याच दिवशी उघडा. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळा आणि बॅकप्लेटची खालची कड पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा. पहिल्या दिवशी बसवताना कडेला लावलेले थोडे ग्रीस दिसेल, ते पुसा. आठवड्यानंतर पुसलेले फडके कोरडे राहिले तर काम झाले. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र दर वर्षी घ्यावे लागते, तेव्हा ब्रेक तपासले जातातच. तोवर थांबण्यापेक्षा ही गळती आत्ताच सोडवलेली बरी.

फोर बाय फोर पिकअप किंवा जुनी जीप असलेल्या वाचकांसाठी एवढेच, की त्यांच्या पुढच्या ॲक्सलमध्ये शाफ्ट फिरतो आणि सील गिअर ऑइल अडवते. त्याचा गंधकासारखा उग्र वास येतो. अशा गाडीत प्रथम ॲक्सलच्या डोक्यावरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छोटे तोंड) पाहा. तो चिखलाने बुजला की तापून फुगलेल्या आतल्या हवेला वाट राहत नाही आणि ती सीलमधून तेल ढकलते. ब्रीदर साफ करून आणि तेलाची पातळी योग्य ठेवून कधी कधी गळती थांबतेही. नाही थांबली तर सील कुठे आहे ते पाहावे लागते. काही सरळ ॲक्सलांत आतले सील डिफरन्शियलच्या अगदी शेजारी असते आणि तिथे पोहोचण्यासाठी कॅरिअरच (डिफरन्शियलचे गिअर धरणारा भाग) बाहेर काढावा लागतो. त्यात दातांची जुळवणी बिघडण्याचा धोका असल्याने पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने ते अंगणात करू नये.

दोन्ही बाजूंचे सील बदलावे का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डाव्या हबच्या ग्रीसवर अवलंबून आहे. ग्रीस तपकिरी असेल आणि सील फक्त वयाने किंवा तिरके बसवल्याने गेले असेल, तर लायनर बदलण्यासाठी उजवा हब उतरवाल तेव्हा सील पाहून निर्णय घ्या. हब उतरलाच आहे तर मी नवे सील घालूनच बंद करतो. ग्रीस पांढुरके असेल तर ज्या पाण्यात डावे चाक उतरले त्याच पाण्यात उजवेही उतरले होते, तेव्हा उजव्या बाजूची बेअरिंगे धुऊन तपासल्याशिवाय गाडी जोडू नका. मात्र दोन्ही हब एकाच वेळी उघडायचे असतील तर डाव्या बाजूचे भाग एका घमेल्यात आणि उजव्या बाजूचे दुसऱ्या घमेल्यात ठेवा, आणि घमेल्यांवर खडूने लिहा. जे कोन ज्या कपात घासून बसले आहेत ते त्याच कपात परत गेले पाहिजेत.